ऐतिहासिक नाटकाचं नेपथ्य आणि कपडेपट: आधी साल पक्कं करा, मग माणूस बसायचा कसा ते बघा

सांगलीत काय, साताऱ्यात काय, राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की एखाददुसरा ग्रुप तरी ऐतिहासिक नाटक काढतोच. संहिता चांगली असते, पोरं जीव तोडून तालमी करतात, आणि पडदा उघडला की मंगल कार्यालयातली लाल वेल्वेटची सिंहासन खुर्ची, चार सोनेरी खांब, सगळ्यांच्या अंगावर सारखीच जरीची लेस लावलेला अंगरखा! शिवाजी महाराजांचा सरदार पण तोच आणि दुसऱ्या बाजीरावाचा कारकून पण तोच. पैसे कमी पडले म्हणून असं होतं असं लोक म्हणतात, मला ते काय पटत नाही, कारण ती वेल्वेटची खुर्ची भाड्यानं आणण्यापेक्षा एक गादी, दोन लोड आणि पांढरी चादर स्वस्त पडते. विचार उशिरा सुरू होतो, एवढंच. म्हणून मी जसं काम करतो त्या क्रमानं सगळं लिहितोय. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते याच सांगलीत, तेव्हा निदान आपण तरी "चालतंय की" म्हणू नये.

पहिली पायरी: साल

"शिवकाल" किंवा "पेशवाई" हे उत्तर चालणार नाही, साल पाहिजे, नाहीतर निदान दहा वर्षांचा टप्पा. पेशवाई म्हणजे १७१३ ते १८१८, शंभर वर्षांवर काळ, त्यात जाम्याची (घेरदार लांब अंगरख्याची) लांबी बदलली, पगडी बदलली, घरात आरसे-झुंबरं आली. आपल्या भागातली नाटकं ढोबळमानानं पाच टप्प्यांत बसतात. १६७० च्या आसपासचा शिवकाल, पेशवाई, मग १८१८ नंतरचं प्रतापसिंह महाराजांचं सातारा ते १८४८ ला डलहौसीनं ते खालसा केलं तोपर्यंत, मग १८६० ते १९१० म्हणजे संगीत नाटकांचा आणि समाजसुधारकांचा काळ, आणि शेवटचा १९४२-४६, पत्री सरकारवाला, म्हणजे सातारा भागातल्या भूमिगत प्रतिसरकारचा. पौराणिक नाटक या यादीत नाही, त्याचं पुढं सांगतो.

साल ठरलं की लगेच "काय नव्हतं" याची यादी करा, काय होतं त्याची नंतर. ही यादी तालमीच्या हॉलच्या भिंतीवर चिकटवून टाका. थोडा नमुना देतो. मंगलोरी कौलं १८६५ नंतरची, बासेल मिशनच्या कारखान्यातली, म्हणजे पेशवाईतल्या घरावर ती दिसली की संपलं, तिथं नळीची देशी कौलं पाहिजेत. भडक राणी कलर म्हणजे मजेंटा हा रासायनिक रंग १८५९ चा. सेफ्टी पिन १८४९ ची (नेसताना आतून लावा हो, फक्त बाहेर चमकू देऊ नका). देवादिकांची छापील रंगीत चित्रं फ्रेम करून भिंतीवर लावायची तर रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा आहे हे लक्षात ठेवा. ग्रामोफोन ठेवायचा तर १९०२ च्या पुढचं साल घ्या. पेशवाईत चहा नाही, काडेपेटी नाही, रॉकेलचा कंदील नाही. आग लावायची तर चकमक-गारगोटी, नाहीतर चुलीतला निखारा.

दुसरी पायरी: संदर्भ, आणि तो मोबाइलवरचा नको

इंटरनेटवर "मराठा कॉस्च्युम" टाकलं की सिरियलमधले फोटो येतात, आणि सिरियलवाल्यानं दुसऱ्या सिरियलमधून उचललेलं असतं. आपल्या नशिबानं खरा माल तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेच्या घाटावर, तिथं चौक, लाकडी खांब, भिंतीवरची चित्रं सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं. साताऱ्याचा राजवाडा, माहुलीच्या संगमावरची देवळं, लिंब गावातली बारा मोटेची विहीर (किल्ल्याचा किंवा भुयाराचा सीन असेल तर दगडाचे सांधे कसे असतात ते इथं बघा), आणि औंधचं भवानी संग्रहालय.

औंधला जाताना एक डोक्यात ठेवा. तिथं रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, सुंदरच आहेत, पण त्यांच्या पौराणिक बायका नऊवारी नेसलेल्या आणि चोळी घातलेल्या आहेत, म्हणजे तो एकोणिसाव्या शतकातला पोशाख आहे, महाभारतातला नव्हे. म्हणून पौराणिक नाटक असेल तर आधी दिग्दर्शकाला विचारायचं, तुला संगीत रंगभूमीवरची द्रौपदी पाहिजे का प्राचीन काळातली? पहिली असेल तर शालू-शेला-मुकुट बिनधास्त करा, ती पण एक परंपराच आहे. दुसरी असेल तर सांची, भारहूत, अजिंठा बघा, तिथं न शिवलेलं कापड आहे, कमरेला अंतरीय आणि खांद्यावर उत्तरीय. दोन्ही मिसळलं की मात्र कॅलेंडर होतं.

पेशवाईच्या माणसांसाठी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं १७९० च्या दशकात पुण्यात काढलेली सवाई माधवराव आणि नाना यांची चित्रं शोधा, प्रत्यक्ष समोर बसवून काढलेली आहेत. शिवकालासाठी त्याच काळातली दख्खनी शैलीची लघुचित्रं. १८६० च्या पुढं फोटोच मिळतात, आणि जुन्या सांगली-मिरजेच्या घरातले ग्रुप फोटो यासारखं दुसरं काही नाही, ओळखीच्या घरात विचारा, काढून देतात लोक. वाडा बघायला गेलात तर नुसते फोटो काढू नका, टेप न्या. खांब ते खांब अंतर, उंबऱ्याची उंची, कोनाड्याची खोली, खिडकी जमिनीपासून किती वर आहे, हे सगळं वहीत उतरवा. मालकाची परवानगी घेऊन, अर्थातच.

तिसरी पायरी: बसायचं कुठं

माझ्या मते सगळं काम इथंच ठरतं. वाड्यातला माणूस जमिनीवर बसायचा. गादी, मागं लोड, दोन बाजूंना तक्के, खाली जाजम. आणि तो खाली बसतो म्हणूनच बाकी सगळं तसं आहे: खिडकी खाली, म्हणजे बसल्या बसल्या चौकातलं दिसतं, लिहायचं उतरतं मेज बुटकं, समई बसणाऱ्याच्या नजरेला, जाम्याला घेर, कारण मांडी घातली की तो सगळीकडं पसरतो, आणि पायताण दाराबाहेर. या एका गोष्टीवरून आर्किटेक्चर, फर्निचर, कपडे तिन्ही सुटतात. आपल्या नाटकात सरदार मोजड्या घालून थेट दिवाणखान्यात येतो आणि गादीवर चढतो, ते बघून कसंतरीच होतं.

आता अडचण. नट जमिनीवर बसला की पाचव्या रांगेच्या मागच्या प्रेक्षकाला पुढच्याचं डोकं दिसतं, नट दिसत नाही. म्हणून लोक वैतागून खुर्ची आणतात. त्यापेक्षा ओसरी करा. वाड्यात चौकापेक्षा ओसरी उंचावर असतेच, तर स्टेजचा मागचा अर्धा भाग दीड फुटाच्या लेव्हलवर (चौथऱ्यावर) घ्या, त्यावर आणखी सहा-आठ इंचाची बैठक, म्हणजे बसलेला माणूस दोन फुटांवर उचलला जातो, आणि पुढचा सपाट भाग चौक होतो. येणारा माणूस चौकात पायताण काढतो, पायरी चढतो, मुजरा करतो. ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या हालचाली आणि जागा, आपोआप सुधारतं, कारण कुणाला ओसरीवर यायची परवानगी आहे आणि कोण चौकातच उभा राहतो यातून दर्जा कळतो, वेगळा डायलॉग लागत नाही. हा ग्राउंड प्लॅन दिग्दर्शकाच्या हातात तालमीच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, आणि तालमीच्या जागेत जमिनीवर खडूनं मारून ठेवा, नाहीतर पोरं खुर्चीवर बसून तालीम करणार आणि प्रयोगाला मांडी घालता येणार नाही.

१८१८ नंतरच्या साताऱ्याचा सीन असेल तर गंमत येते. साहेब रेसिडेंट (दरबारात नेमलेला इंग्रज अधिकारी) मांडी घालून बसणार नाही, त्याला खुर्ची लागते, आणि महाराज गादीवर. मग कोण उंच दिसतंय? या एका खुर्चीवर अख्खा प्रवेश उभा राहतो, तेव्हा ती खुर्ची विचार करून ठेवा, आणि स्टेजवर एकच ठेवा.

चौथी पायरी: वाडा उभा करणं

वाड्याचं माप खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण चार-पाच फुटांचा. स्टेजचं ओपनिंग आधी टेपनं मोजा, पाच खण म्हणजे पंचवीस फूट, बहुतेक ठिकाणी बसतं. सगळे खांब करायची गरज नाही, मागच्या ओळीत चार करा, पुढं एकही नको, दिसण्यात अडथळा येतो.

पेशवाईतला खांब सुरूच्या झाडासारखा, खाली फुगीर आणि वर निमुळता, पायाशी कोरीव पानं आणि खाली दगडी तळखडा. बनवायचा कसा? कापडाचे तागे गुंडाळायची पुठ्ठ्याची नळकांडी असतात, विटा-इचलकरंजी पट्ट्यात यंत्रमाग भरपूर, त्यामुळं ती मागितली की मिळतात. नळकांड्याला खालच्या बाजूला थर्माकोलचे तुकडे चिकटवून फुगीर करा, मग कानशीनं घासा, मग मांजरपाटाच्या पट्ट्या फेविकॉलच्या पाण्यात भिजवून गुंडाळा. वाळलं की डिस्टेंपरचा गडद तपकिरी हात, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं काळसर रेघा. चकचकीत ऑइलपेंट नको, लाइट पडला की प्लॅस्टिक दिसतं. दोन खांबांच्या मध्ये प्लायवूडची कापलेली महिरप.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जाडी. जुन्या वाड्याची भिंत दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असते आणि आपला फ्लॅट म्हणजे दोन इंचाची चौकट आणि कापड. दार उघडलं की पितळ उघडं पडतं. म्हणून दाराच्या आणि कोनाड्याच्या आतल्या बाजूला निदान नऊ इंच, जमलं तर फूटभर रुंदीची पट्टी काटकोनात बसवा. एवढंच केलं तरी मागची सगळी भिंत खरी वाटायला लागते, भिंतीवर कितीही नक्षी रंगवली तरी तो परिणाम येत नाही. पैसे दोनच ठिकाणी घालायचे असतील तर एक इथं घाला. दाराची उंची पण कमी ठेवा, साडेपाच फूट, म्हणजे नट वाकूनच आत येईल. उंबरा मात्र ब्लॅकआउटमध्ये पाय अडकेल असा करू नका, बुटका करा आणि कडेला रेडियमची बारीक पट्टी मारा.

जमीन विसरतात लोक. पुढच्या चौकासाठी जाड कापड अंथरून त्यावर मातकट-हिरवट डिस्टेंपर, आणि रुंद ब्रशनं हाताच्या फेकीएवढे अर्धगोल, एकावर एक. बाल्कनीतून बघितलं की शेणानं सारवल्यासारखं दिसतं. भिंत पांढऱ्या चुन्याची, खाली गेरूचा पट्टा. दगडी किल्ला असेल तर एवढं लक्षात असू द्या की थर आडव्या सरळ रेषेत असतात आणि उभे सांधे एकाखाली एक कधी येत नाहीत, थर्माकोल कोरणाऱ्या पोराला हे आधी सांगा.

पाचवी पायरी: सामान

पेशवाईपर्यंत सामान कमीच. पाट, चौरंग, पलंग, पितळी कड्यांचा झोपाळा, पेटारा, भिंतीतलं फडताळ, खुंट्या, कोनाडे. झोपाळा टांगणार असाल तर थिएटरच्या वरच्या पाइपला नाही, स्वतःची चौकट करा, नट पडला तर निस्तरणार कोण? उजेडाला समई, हिलाल, मशाल. खऱ्या ज्योतीचं थिएटरवाल्यांना आधी विचारा, आणि परवानगी मिळाली तरी कापडी फ्लॅटजवळ नकोच, आतून लुकलुकणारा एलईडी लावलेली समई चौथ्या रांगेतून ओळखू येत नाही.

कागदपत्रांचा सीन असतोच. कागद मोडीत, बोरूनं लिहिलेला, गुंडाळलेला, आणि दप्तर कापडी रुमालात बांधलेलं. मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा ओढतात आणि त्यांना अक्षरं लटकवतात, एवढं जरी केलं तरी लांबून मोडी दिसते. कारकून उतरत्या मेजावर लिहितो, गुडघा मुडपून बसतो. ते मेज प्लायमध्ये तासाभरात होतं.

१८६० नंतर घर भरायला लागतं. गादी राहतेच, पण कोपऱ्यात वाकवलेल्या लाकडाची वेताची खुर्ची, संगमरवरी टॉपचं गोल टेबल, लंबकाचं घड्याळ, हंड्या, बिलोरी आरसे. शिकलेला मुलगा खुर्चीवर, बाप गादीवर आणि आई माजघराच्या दारात उभी, असं ठेवून बघा. १९४० च्या शेतकऱ्याच्या घरात मात्र यातलं काही नको: घोंगडी (जत, आटपाडी, माण भागात अजून खरी मिळते), कणगी, उतरंड, कंदील, आणि दाराशी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर चालेल. तानपुरा, सतार लागली तर मिरजेत विचारा, दुरुस्तीला आलेलं जुनं वाद्य दोन दिवसांसाठी देणारे लोक आहेत, पण सांभाळून आणा.

सहावी पायरी: कपडेपट

ड्रेपरीवाल्याकडं (नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडं) जायच्या आधी प्रत्येक पात्राचा एक कागद करा: वय, जात-व्यवसाय, पैसा, प्रसंग, आणि कुठून चालत आलाय. "सरदार, चार नग" असं सांगितलंत तर चार सारखे नग येणार.

पुरुषांचं आधी बाह्यरेषेवर बघा, म्हणजे लांबून काळी आकृती कशी दिसते ते. १६७० चा जामा गुडघ्याखाली पोटरीपर्यंत, कमरेला पटका घट्ट, खाली सुरवार. १७९० चा जामा घोट्यापर्यंत, कंबर वर सरकलेली, पांढरी मलमल आणि भरपूर घेर. फक्त लांबी बरोबर केली तरी अर्धा काळ जिंकला. बंद कुठल्या बाजूला हे पण बघा, हिंदू माणसाचे डाव्या काखेखाली आणि मुसलमानाचे उजव्या काखेखाली अशी मुघल काळापासूनची रीत, ड्रेपरीत सगळे एकाच बाजूचे असतात, पण बंद उसवून फिरवायला पाच मिनिटं लागतात. शिवून घेणार असाल तर एका जाम्याला सहा-सात मीटर मलमल धरा, घेरात काटकसर करू नका, अस्तर पण नको, हवा धरली पाहिजे. साध्या कारकुनाला, भटजीला बाराबंदी, धोतर, उपरणं.

पगडी म्हणजे दुसरी जागा जिथं पैसे घालावेत. टिळक-रानड्यांच्या फोटोतली पगडी पहिल्या बाजीरावाच्या डोक्यावर नको, ती एकोणिसाव्या शतकातली. शिवकालातल्या मावळ्याला साधं मुंडासं, हातानं बांधलेलं, मळलेलं. रेडिमेड भगवे फेटे लग्नाच्या वरातीतले वाटतात, ते टाळाच.

बायकांचं म्हणाल तर नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर लुगडं, आणि आत परकर नाही. शिवलेली नऊवारी घाईच्या बदलाला ठीक, पण मुख्य नटीला खरी नेसवा, ती बसते-उठते ते वेगळंच दिसतं. सगळ्यांना पैठणी नको, पैठणी सणाची आणि श्रीमंताची. आपल्या भागात रोजच्या वापराला इरकल शोभतं, खणाची चोळी पुढं गाठ मारून. फुग्याच्या बाह्यांचं जाकीट-पोलकं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शिकलेल्या घरात. कपाळावर चिकटवायची टिकली नको, मेण लावून कुंकू, किंवा आडवी चिरी. दागिने कमी पण बरोबर: ठुशी, बोरमाळ, गोठ-पाटल्या, नथ. एवढ्यात भागतं.

पत्री सरकारच्या काळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती नाटकं आपलीच आहेत आणि त्यातच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. पोरं कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा आणि टोपी घालून क्रांतिकारक होतात. १९४३ पासून कापडावर सरकारी कंट्रोल होता, कापड मिळत नव्हतं. म्हणजे सदऱ्याला ठिगळ, धोतर आखूड आणि विरलेलं, कोपरावर वेगळ्या कापडाचा तुकडा, टोपी घामानं पिवळी. भूमिगत माणूस घोंगडी पांघरून उसातनं चालत आलाय, त्याचे पाय बघा, चप्पल असली तर टायरची नाहीतर तळ झिजलेली. पोलिसाला खाकी हाफपँट. आणि गाव कुठलं ते नीट वाचा, कारण तेव्हाचा सातारा जिल्हा पार वाळवा-तासगावपर्यंत होता (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, सांगली जिल्हा हे नाव १९६० चं), सांगली-मिरज संस्थानं, आणि कुंडल औंध संस्थानात. संस्थानातला शिपाई आणि इंग्रजी मुलखातला पोलीस एकसारखे दाखवू नका, निदान बिल्ला आणि डोक्यावरचं वेगळं ठेवा. "दक्षिण सातारा" अशी पाटी १९४३ च्या सीनमध्ये लावलीत तर पहिल्या रांगेतला एखादा आजोबा मध्यंतरात येऊन सांगणारच.

सातवी पायरी: रंग आणि जुनं करणं

१८५९ च्या आधीचं नाटक असेल तर रंग वनस्पतीतले: नीळ, मंजिष्ठाचा तांबडा, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी-केशरी. म्हणजे गुलाबी चालतो, पण मऊ. बाजारातलं कापड भडक असतं, ते चहाच्या पाण्यात बुडवून काढलं की खाली बसतं. पांढरं तर बुडवाच, शुभ्र पांढरं लाइटखाली चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतं. कॉलर, काखा, जाम्याची खालची कड, गुडघे इथं कानस आणि पातळ तपकिरी रंग मारून वापर दाखवा. भाड्याच्या कपड्यावर हे करू नका, त्यावर मुलतानी माती कोरडीच झटका, नंतर झाडली की जाते.

प्रकाशयोजनावाल्याला कापडाचे तुकडे आधीच नेऊन द्या. निळ्या लाइटखाली तांबडं काळपट पडतं, मग रात्रीच्या सीनमध्ये तुमचा मंजिष्ठाचा शेला गायब.

आठवी पायरी: रंगीत तालीम

ही प्रयोगाच्या आदल्या रात्री नको, निदान तीन दिवस आधी, पूर्ण कपड्यात, लेव्हलवर. नटांना जामा घालून मांडी घालून उठायला लावा, पायरी चढायला लावा, तलवार कमरेला असताना बसायला लावा (बसताना ती काढून मांडीवर घ्यायची असते, नाहीतर तक्क्यात घुसते). तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत, मग बाल्कनीत, मग अगदी कडेच्या खुर्चीवर बसून बघा. मनगटावरचे गंडेदोरे, घड्याळाचा पांढरा पट्टा, कानातली बाळी, नखांचं पॉलिश, चष्मा, मोबाइलचा खिशातला फुगवटा, हे सगळं तिथूनच दिसतं. विंगेत ठेवलेली निळी प्लॅस्टिकची खुर्ची पण.

टेंपो भरायच्या आधी प्रत्येक फ्लॅटच्या मागं आकडा आणि बाण काढा, महिरपीच्या खुंट्या वेगळ्या डब्यात, पगड्या खोक्यात कागदाचे बोळे घालून, आणि समया कपड्यांबरोबर एका पेटीत भरू नका, जुन्या समईत कुठंतरी तेल राहिलेलं असतंच.